फलकावर ‘इनफ्लेमेबल’ लिहावे की ‘फ्लेमेबल’?

कोपऱ्यातले घर (धागाकर्ता)

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात जनरेटरची खोली आहे आणि तिला लागून डिझेलची पिंपे ठेवण्याची एक लहानशी कोठडी आहे. कोठडीच्या दारावरचा पत्र्याचा फलक गंजून गेल्यामुळे नवा लावायचा असे कार्यकारिणीत ठरले आणि मी निवृत्त शिक्षक असल्याने मजकूर लिहून देण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. जुन्या फलकावर दोनच शब्द होते: ‘हायली इनफ्लेमेबल’. ते तसेच उतरवून द्यावेत असा माझा विचार होता. आठवीत शिकणाऱ्या नातीने मात्र तो मोडून काढला. तिचे म्हणणे असे की ‘इनव्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे, ‘इनकरेक्ट’ म्हणजे बरोबर नसलेले, तर ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे असणार. आणि आत न पेटणारी वस्तू असेल तर फलक हवाच कशाला?

तिला हसण्यापूर्वी मी कोश उघडला. हा ‘इन’ नकाराचा नसून ‘आत’ या अर्थाचा आहे. लॅटिनमध्ये ‘इनफ्लामारे’ म्हणजे पेटवणे, आणि त्यावरून आलेला ‘इनफ्लेमेबल’ हा शब्द व्युत्पत्तीने अगदी निर्दोष आहे. तरीही १९२०च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरावा असा आग्रह धरला, कारण नात जे बोलली तेच कामगारांच्याही मनात येईल अशी संघटनेला भीती होती. ब्रिटिश मानक संस्थेनेही १९५९ साली तोच पवित्रा घेतला. आपल्याकडे मात्र महामार्गावरून जाणाऱ्या टँकरांच्या पाठीवर ‘हायली इनफ्लेमेबल’ अजूनही मोठ्या अक्षरांत दिसते.

कार्यकारिणीत आता दोन तट पडले आहेत. जुना शब्द शुद्ध आहे म्हणून तोच ठेवावा असे एकाचे मत आहे, तर दुसऱ्याला ‘फ्लेमेबल’ हवा आहे. फलक दीड फूट बाय एक फूट आहे आणि पेंटर पुढच्या रविवारी येणार आहे. जाणकारांनी मत द्यावे, आणि याच जातीचे गोंधळात टाकणारे इंग्रजी शब्द फलकांवर किंवा बोलण्यात आढळले असतील तर तेही लिहावेत.

खडूस वाचक

आपल्या नातीला एवढेच सांगा की मराठीतही हा खेळ चालतो. ‘घोर’ म्हणजे भयंकर आणि ‘अघोरी’ म्हणजेही भयंकर. तिथे ‘अ’ लागला म्हणून कोणी निर्धास्त झालेले ऐकिवात नाही. दुकान ‘वाढवले’ म्हणजे बंद केले आणि बांगडी ‘वाढवली’ म्हणजे ती फुटली, हे परभाषिकाला पटवून द्यायला किती वेळ लागतो ते आमच्या घरच्या कन्नडभाषिक सुनेला विचारावे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या वाण्याने ‘दुकान वाढवतोय’ असे सांगितले तेव्हा तिने त्याचे अभिनंदन केले होते.

मात्र वाण्याच्या दुकानात गैरसमज झाला तर फार तर साखर मिळत नाही. डिझेलच्या कोठडीपाशी तेवढी सवलत नसते, म्हणून माझे मत ‘फ्लेमेबल’ला.

जुना बॉयलर

रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात माझी ३१ वर्षे गेली. धागाकर्त्यांनी ‘इनफ्लेमेबल’वर बोट ठेवले आहे, पण त्या कोठडीत खरा धोक्याचा शब्द वेगळाच आहे. तो फलकावर लिहिलेला नसतो, सगळ्यांच्या तोंडी असतो. तो म्हणजे ‘एम्प्टी’, आपला ‘रिकामे’.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बेंजामिन ली व्होर्फ हे नाव ठाऊक असते. भाषा माणसाच्या विचारांना वळण देते या मताशी ते जोडले गेले आहे. परंतु व्होर्फ यांचा पोटापाण्याचा उद्योग विद्यापीठातला नव्हता. ते रसायन अभियांत्रिकी शिकले होते आणि अमेरिकेतील हार्टफर्ड येथील एका अग्निविमा कंपनीत १९१९ पासून १९४१ साली मृत्यू येईपर्यंत नोकरीला होते. आगी कशा लागतात याचे अहवाल तपासणे हे त्यांचे काम होते. तपासता तपासता त्यांच्या असे लक्षात आले की आगीचे कारण सदोष तारा किंवा हवा खेळती नसणे एवढ्यावर संपत नाही. त्या वस्तूला लोक काय म्हणत होते, हेही कारणात धरावे लागते. पेट्रोलने भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वागत. ‘रिकामी पिंपे’ ठेवलेल्या जागी मात्र बिनदिक्कत सिगारेट ओढली जाई आणि थोटूक तिथेच फेकले जाई. वास्तविक रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ उरलेली असते आणि तिच्यात हवा मिसळली की भरलेल्या पिंपापेक्षा ते अधिक धोक्याचे ठरते. ‘रिकामे’ या शब्दाने आतला द्रव संपल्याची बातमी दिली, आणि ऐकणाऱ्याने तिच्याबरोबर धोकाही संपल्याची बातमी घेतली.

त्यांनी नोंदवलेले दुसरे उदाहरण मला त्याहूनही मोलाचे वाटते. लाकडाचे ऊर्ध्वपातन करणाऱ्या एका कारखान्यात धातूच्या भांड्यांना चुनखडीपासून केलेल्या पदार्थाचे आवरण दिले होते आणि तिथे त्याला ‘स्पन लाइमस्टोन’ म्हणत. नावातच ‘स्टोन’ असल्याने दगड कसा पेटेल, अशी सर्वांची खात्री. त्यामुळे त्या आवरणाला जास्त उष्णता लागू नये किंवा ज्वाळेचा स्पर्श होऊ नये याची काळजी कोणी घेतली नाही. प्रत्यक्षात भांड्यांतून निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेने त्या चुनखडीचे कॅल्शियम ॲसिटेट होत गेले. ते तापले की त्यापासून ॲसिटोन तयार होते, आणि ॲसिटोन भडकून पेटते. एके दिवशी भांड्याखालची आग त्या आवरणापर्यंत पोचली आणि ‘दगड’ धडाडून जळाला.

डिझेल पेट्रोलइतके चटकन पेट घेत नाही हे खरे. पण डिझेलचे रिकामे पिंप कापायला किंवा त्याला वेल्डिंग करायला कोणी घेतले, तर तापलेल्या पत्र्यामुळे आत चिकटलेल्या डिझेलची वाफ होते आणि पिंप फुटते. भंगारवाले, कचऱ्याचे डबे करून देणारे कारागीर आणि पाण्यासाठी पिंप हवे असणारे शेजारी हे तिघेही ‘रिकामे आहे ना?’ एवढेच विचारतात. तेव्हा ‘इन’ ठेवायचा की काढायचा यावर सभा घेण्याऐवजी फलकावर पिंपांविषयी एक ओळ लिहावी, अशी माझी सूचना आहे.

कोपऱ्यातले घर

आपल्या प्रतिसादाने माझी झोप उडाली, कारण मागच्याच महिन्यात आम्ही दोन ‘रिकामी’ पिंपे माळ्याला दिली आहेत. त्याला आत्ताच फोन करून ती कापू नयेत असे सांगितले.

उपसंपादिका

‘इनफ्लेमेबल’ हा शब्द निदान अर्थ सांगू पाहतो. आपल्याकडच्या भिंतींवर एक इंग्रजी वाक्य असे आहे की जे अर्थ लपवण्यासाठीच घडवले असावे: ‘कमिट नो न्यूसन्स’. ‘न्यूसन्स’ ही इंग्लंडच्या कायद्यातील संज्ञा आहे. धूर, दुर्गंधी, गोंगाट असा कोणताही उपद्रव तिच्यात मोडतो. आपल्या भिंतीवर मात्र तिचा एकच अर्थ अभिप्रेत असतो आणि तो सभ्य इंग्रजीत उच्चारायचा नसल्यामुळे कायद्याचे पांघरूण घातलेले असते. मौज अशी की ज्याला ‘न्यूसन्स’ची कायदेशीर छटा कळते तो मनुष्य बहुधा त्या भिंतीशी थांबत नाही, आणि जो थांबतो त्याला ते वाक्य कळत नाही. ‘येथे लघवी करू नये’ या मराठी वाक्यात असा आडपडदा नाही. (त्याचाही परिणाम होत नाही, हा भाग वेगळा.)

सोज्वळ शब्दाने केलेले खरे नुकसान पाहायचे असेल तर ‘इव्ह टीझिंग’कडे पाहावे. हा भारतीय इंग्रजीतला शब्द आहे आणि बसस्थानकांपासून महाविद्यालयांच्या सूचनाफलकांपर्यंत तो वर्षानुवर्षे वावरला. ‘टीझिंग’ म्हणजे थट्टा, चिडवणे. ‘इव्ह’ म्हणजे बायबलमधली ती मोहात पाडणारी आदिस्त्री. रस्त्यात मुलीचा पाठलाग करणे, तिला हात लावणे, घाणेरडे बोलणे या सर्व कृत्यांना या दोन शब्दांनी खोडीच्या पातळीवर आणून ठेवले आणि त्यात अर्धा दोष ‘इव्ह’च्या पदरात टाकला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्त्रियांविषयीच्या साचेबद्ध कल्पनांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. न्यायालयीन लेखनात टाळायच्या शब्दांच्या यादीत ‘इव्ह टीझिंग’ आहे आणि त्याऐवजी रस्त्यावरील लैंगिक छळ या अर्थाचा शब्दप्रयोग सुचवला आहे.

आपली ‘छेडछाड’ही तशीच पातळ आहे. ‘विनयभंग’ या शब्दाबद्दल तर मला कायम अढी वाटत आली आहे. १८६० च्या दंडसंहितेतील स्त्रीच्या ‘मॉडेस्टी’वर घाला घालण्याविषयीचे शब्द मराठीत या रूपाने आले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तरी कलमाचा क्रमांक ३५४ चा ७४ झाला, ‘मॉडेस्टी’ तिथेच राहिली. गुन्हा एकाने केला आणि भंग मात्र दुसरीच्या विनयाचा झाला, असे हे वाक्य आहे. बातमीत कलमाचे नाव म्हणून मला तो शब्द छापावाच लागतो. मथळ्यात शक्यतो छापत नाही.

टेम्सकाठी

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याकडेही सारे आलबेल आहे असे समजू नये. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यांवर ‘डॉग्ज मस्ट बी कॅरीड’ अशी सूचना असते. कुत्रा बरोबर असेल तर त्याला उचलून घ्या, एवढेच तिला म्हणायचे आहे. पण वाक्याची घडण पाहिली तर कुत्रा असल्याखेरीज जिन्यावर पाऊल ठेवता येणार नाही, असाही अर्थ निघतो. इथले भाषेचे शिक्षक हे उदाहरण वर्गात आवडीने देतात, आणि माझ्या लहान मुलाने पहिल्यांदा वाचले तेव्हा तो खरोखरच कुत्रा शोधू लागला होता.

दारांवर ‘धिस डोअर इज अलार्म्ड’ असे लिहिलेले असते. दाराला धोक्याची घंटा जोडली आहे असे सांगायचे असते आणि दार घाबरले आहे असेही वाचता येते. यात कोणाचे काही बिघडत नाही. किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत मात्र ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या फलकावरून व्याकरणप्रेमी मंडळी अनेक वर्षे भांडत होती, कारण मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘लेस’ नव्हे तर ‘फ्यूअर’ हवे असा त्यांचा दावा होता. टेस्को या दुकानसाखळीने २००८ साली सोप्या इंग्रजीचा पुरस्कार करणाऱ्या एका संस्थेच्या सल्ल्याने तिथे ‘अप टू टेन आयटम्स’ असे लिहायचे ठरवले. दोन्ही पक्षांना बाजूला सारून तिसराच मार्ग काढला, हे धागाकर्त्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षी वेल्समधील स्वान्सी शहरात घडलेला प्रकार तर जगभर गाजला. तिथे रस्त्यावरचे फलक इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत असतात. अवजड वाहनांना मनाई करणारा इंग्रजी मजकूर भाषांतरासाठी ई-मेलने पाठवला गेला आणि लगेच वेल्शमध्ये उत्तर आले. ते उत्तर फलकावर छापून रस्त्यालगत उभेही राहिले. वेल्श वाचता येणाऱ्यांनी वाचले तेव्हा कळले की त्यात ‘मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचे काम असल्यास पाठवून ठेवा’ असे लिहिले आहे. भाषांतरकार रजेवर होते आणि त्यांच्या संगणकाने आपोआप पाठवलेला निरोप फलकावर चढला होता. आपल्याकडे यंत्राने केलेले मराठी फलक लावणाऱ्यांनी ही हकीकत भिंतीवर लावावी.

शुद्धलेखन ८०

चर्चा फलकांची आहे, पण धागाकर्त्यांनी बोलण्यातले इंग्रजीही विचारले आहे म्हणून लिहितो. आपल्या कार्यालयांत जे चालते ते असह्य आहे. ‘मीटिंग प्रीपोन झाली’, ‘प्लीज डू द नीडफुल’, ‘रिव्हर्ट बॅक’, ‘साहेब आउट ऑफ स्टेशन आहेत’, ‘मी १९९८ चा पास आउट’, ‘त्यांचे वडील एक्स्पायर झाले’. औषध आणि पाव एक्स्पायर होतात, माणसे नव्हेत.

खडूस वाचक

शुद्धलेखन ८० यांच्याशी मी काही ठिकाणी सहमत आहे, सर्व ठिकाणी नाही. ‘एक्स्पायर’चा मूळ अर्थच श्वास सोडणे असा आहे, त्यावरून प्राण सोडणे हा अर्थ इंग्रजीत कित्येक शतके रूढ आहे आणि औषधाच्या बाटलीवर तो नंतर गेला. ‘नीडफुल’ हे तर इंग्रज साहेबाच्या कचेरीतले अस्सल शब्दवैभव. साहेब गेला, त्याच्या देशात ते जुने झाले, आपल्या टपालात राहिले. ‘आउट ऑफ स्टेशन’मधले स्टेशन रेल्वेचे नसून छावणीचे आहे. ‘पास आउट’ आपल्याकडे लष्करी अकादमीच्या दीक्षान्त संचलनाच्या वाटेने आले असावे. खडकवासल्यात त्याला आजही ‘पासिंग आउट परेड’च म्हणतात. मात्र परदेशी नोकरीच्या अर्जात हे लिहू नये, कारण तिकडे त्याचा रूढ अर्थ बेशुद्ध पडणे असा होतो.

‘प्रीपोन’ची मी वकिलीच करीन. ‘पोस्टपोन’ला जोडीदार हवा होता, तो भारतीयांनी प्रचारात आणला आणि ऑक्सफर्डच्या कोशांनी त्याला जागा दिली. एका शब्दात नेमका अर्थ कळतो आणि कोणाचीही गाडी चुकत नाही. ‘रिव्हर्ट’ मात्र मी आपल्याबरोबर फाशी द्यायला तयार आहे, कारण आपण तो ‘उत्तर देणे’ म्हणून वापरतो आणि त्याचा अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा आहे. ‘आय विल रिव्हर्ट’ म्हणणारा अधिकारी माकड होण्याची हमी देत असतो.

शुद्धलेखन ८०

‘एक्स्पायर’विषयीचे माझे विधान मागे घेतो. ‘प्रीपोन’विषयीचे घेत नाही, ‘बैठक अलीकडे घेतली’ असे स्वच्छ मराठी उपलब्ध असताना त्याची गरज मला दिसत नाही.

रुळांलगत

रेल्वेने याबाबतीत एक शहाणपण दाखवले आहे. फाटकाच्या अलीकडे रुळांशेजारी पिवळा फलक असतो आणि त्यावर इंग्रजी डब्ल्यू व एल आणि हिंदी ‘सी/फा’ एवढीच अक्षरे असतात. ‘व्हिसल’ व ‘लेव्हल क्रॉसिंग’, म्हणजे ‘सीटी’ आणि ‘फाटक’. प्रवाशांना ते कोडे वाटते, पण तो प्रवाशांसाठी नाहीच. चालकाने शिटी वाजवावी एवढ्यासाठी आहे आणि चालकाला ते शिकवलेले असते.

याच्या उलट रस्त्यावरचा ‘ॲक्सिडेंट प्रोन एरिया’ आणि त्याचे मराठी रूप ‘अपघातप्रवण क्षेत्र’. संस्कृतात ‘प्रवण’ म्हणजे उतरता, एखाद्या बाजूला कललेला. जणू त्या जमिनीचाच कल अपघाताकडे आहे आणि वळणाची आखणी, अंधार, वेग यांचा काही संबंध नाही. फलक वाचून चालकाने काय करायचे? वेग कमी करायचा, डावीकडे राहायचे, की देवाचे नाव घ्यायचे? मुळात ‘ॲक्सिडेंट’ या शब्दातच कोणाचा इलाज नव्हता असा सूर आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने याच कारणासाठी २००१ साली आपल्या पानांतून तो शब्द हद्दपार करण्याचे ठरवले होते. त्यापेक्षा ‘काम चालू आहे, वाहने सावकाश हाका’ ही आपल्या रस्त्यांवरची साधी पाटी कितीतरी कामाची; कारण काय आणि करायचे काय, दोन्ही एका श्वासात.

ट्रकांमागचे ‘हॉर्न ओके प्लीज’ यात बसते की नाही ते ठरवता येत नाही. त्यातला ‘ओके’ तिथे कसा आला याच्या हकीकती डझनावारी आहेत आणि एकीवरही माझा विश्वास नाही. मात्र महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ साली, या शब्दांमुळे उगाच भोंगे वाजवायला उत्तेजन मिळते म्हणून, त्यांवर बंदी घातली. म्हणजे निरर्थक ठरलेल्या तीन शब्दांचाही लोक अर्थ लावून त्याप्रमाणे वागतात, हे सरकारने मान्य केले.

जुना बॉयलर

रुळांलगत यांनी दिलेली कसोटी मी उचलतो. कोठडीपाशी कोण जाते? जनरेटर चालवणारा कर्मचारी, रखवालदार, डिझेल आणून देणारा, आणि कधीतरी चेंडू शोधणारी मुले. यांपैकी ‘इनफ्लेमेबल’ किंवा ‘फ्लेमेबल’ कोणाला वाचता येते ते प्रत्यक्ष विचारून पाहावे.

कोपऱ्यातले घर

विचारले. रखवालदार नांदेडकडचे आहेत आणि त्यांनी जुन्या फलकाविषयी सांगितले की त्यावर जनरेटरच्या कंपनीचे नाव लिहिले आहे असे त्यांना इतकी वर्षे वाटत होते. जनरेटरवाला उत्तर प्रदेशचा आहे. तो म्हणाला की वाचता येत नाही, पण डिझेल आहे हे वासावरून कळते. ‘ज्वालाग्राही’ हा माझा लाडका शब्दही दोघांना दाखवला. रखवालदारांनी तो बरोबर वाचला आणि आदराने विचारले, ‘म्हणजे पेटतंय का, सर?’

त्यावरून मजकूर असा केला आहे. सर्वांत वर आगीचे चित्र. त्याखाली मोठ्या अक्षरांत ‘डिझेल. पेट घेते.’ पुढच्या ओळीत ‘येथे विडी-सिगारेट ओढू नये.’ आणि त्याखाली लाल रंगात ‘रिकामे पिंपही पेटते. कापू नये, वेल्डिंग करू नये, कोणाला देऊ नये.’ हिंदीत हेच तीन ओळींत. टेस्कोचा मार्ग धरून इंग्रजी ओळ ‘डिझेल. नो स्मोकिंग.’ एवढीच ठेवली आहे, म्हणजे दोन्ही तटांचा शब्द आपोआपच गळला. एका सदस्यांनी ‘नो स्मोकिंग’च्या आधी ‘प्लीज’ असावे असे सुचवले, पण दीड फुटात ते बसले नाही.

माळ्याकडची पिंपे परत आणली आहेत. एकाला त्याने छिद्रे पाडायला घेतली होती, पण सुदैवाने हातोडा आणि खिळ्याने.